यमुताईच्या गोळ्या

इतवारी, नागपूर
११ जानेवारी २०२६

चि. गुंजनबाईले आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. आम्ही सारे खुशाल. फोनवर बोलावं तर तुहा बाप कान लावून बसते, म्हणून हा कागद. माह्या अक्षराले हसू नको, चौथीतूनच मले हातमागावर बसवलं होतं. तुह्या आईनं तिळाचे लाडू असे केले की आबाची कवळीच हलली!

आता खरी खबर. उन्हाळ्यापासून अंगाचा भडका व्हायचा, झोप नाही. शेजारच्या यमुताईची गर्भपिशवी काढली, तवा डॉक्टरनं तिले भडक्याच्या गोळ्या देल्ल्या. मी म्हटलं, मलेही दे वं. मग दुकानदार रिकामं पाकीट पाहूनच देऊन राहिला. दिवाळीपासून घेऊन राहिली. भडका गेला, गाल वर आले. आणि कोणाले सांगू नको, गेलेली पाळी परत आली, साठीत! गुडघ्याचं निमित्त करून देवाजवळ गेली नाही. आबा दिवा लावते, वात वाकडी. यमुताई म्हणते, अब तो जवान हो गई.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आजी तुळजाबाई

नर्सिंग हॉस्टेल, वर्धा
१७ जानेवारी

ती. आजीस गुंजनचा सा. न.

तुझं पत्र आत्ताच मिळालं. आजी, त्या गोळ्या आजच बंद कर. त्या इस्ट्रोजेनच्या आहेत. यमुआजीची पिशवी काढलेली, म्हणून तिला नुसत्या चालतात. तुझी पिशवी जागेवर आहे. जोडीला दुसरं औषध नसलं की आतलं अस्तर वाढत जातं, कधी कधी त्यातून कॅन्सरही होतो. ही पाळी नाही गं. बहुतेकदा साधंच निघतं, पण तपासल्याशिवाय कळत नाही. आमच्या वॉर्डात उशिरा आलेल्या बायका मी रोज पाहते. आईला फोन करून सांगितलंय. रागाव, पण जा.

तुझीच,
गुंजन

इतवारी, नागपूर
२४ जानेवारी

चि. गुंजनले आशीर्वाद.

वि. वि. जाऊन आली. डॉक्टरीणबाईनं विचारलं, गोळ्या कोणी लिहून देल्ल्या? मी म्हटलं, यमुताईनं. कोणी हसलं नाही वं. अस्तर जाड आहे म्हणे. आतला तुकडा काढून तपासाले पाठवला, मंगळवारी सांगतील. तुही आई एका शब्दानं रागावली नाही, त्याचंच मले जास्त भेव वाटून राहिलं. रस्ताभर माहा हात धरून होती. यमुताई रडून राहिली, तिले मीच चूप केलं.

डाग अजून आहे. जन्मभर अशा दिवसांत मी देवाले शिवली नाही. आज आंघोळ करून दिवा लावला. दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली. तुह्या आईनं पाहिलं, मले वाटलं आता बोलते. तिनं फक्त वात सरळ करून देल्ली.

देवाले विटाळ झाला तर होवो. मंगळवारपर्यंत मी आणखी कोणाजवळ बसू?

सुट्टी भेटली तर ये.
आजी