राखून ठेवलेलं वाक्य

प्रिय एनिड मावशी,

मोरकॅमच्या समुद्रवाऱ्यात हे पत्र नीट धरून वाच, बातमी मोठी आहे. आपल्या बर्नलीच्या थिएटरात मला बढती मिळाली. आता मी पडद्याआड संहिता घेऊन बसते आणि नट अडला की त्याला शब्द देते. डॅडी म्हणाले, "घराण्यातली पहिली पदवीधर, आणि काम काय, तर कुजबुजायचं." पण गिरणीत ते सगळ्यांना सांगून आलेत, हे आईकडून कळलं.

मला हे वेड कुणामुळे लागलं, ते तू जाणतेस. तुझा सिनेमा लागला की अख्खं घर पुढच्या स्वस्त रांगेत. पडद्यावर तू मोलकरीण होऊन दार उघडायचीस, पोलिसाला म्हणायचीस, "साहेब घरी नाहीत. पाय पुसा," आणि दार लावून घ्यायचीस. डॅडी म्हणायचे, "आली आली... गेली. चला, आता आइस्क्रीम." मला मात्र उरलेला सिनेमाभर त्या दारामागे तू काय करत असशील, हेच दिसत राहायचं. रंगमंचावर तर दर आठवड्याला नवं नाटक. किती मोलकरणी, नर्सा, घरमालकिणी केल्यास, पण एकीची चाल दुसरीला दिली नाहीस. कॉलेजात मी नाटकाबद्दल पुष्कळ वाचलं, हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

आता नवं नाटक ऐक. एक म्हातारी आई तिन्ही अंक चुलीपाशी बटाटे सोलत बसते. मुलं भांडतात, घर विकायला काढतात. ती जेमतेम बोलते. पण पडद्याआधीचं शेवटचं वाक्य तिचं आहे, मावशी. आयुष्यभर तू दार उघडून दुसऱ्यांना आत घेतलंस. शेवटचं वाक्य तुला कधी मिळालं नाही.

आमचे दिग्दर्शक ऑर्मरॉड यांना या भूमिकेसाठी कुणी मिळेना, म्हणून तालमीत तिच्या जागी मीच बसते. शेवटच्या वाक्याला गप्प राहते. पहिल्या प्रयोगाआधी ते उच्चारलं तर नाटक पडतं, हा नेम तूच शिकवलास. सगळे माझ्याकडे बघतात, मी बटाटा खाली ठेवते, ऑर्मरॉड म्हणतात, "पडदा."

काल ते म्हणाले, "पोरी, पांढऱ्या केसांचा टोप चढव, ही भूमिका तूच कर." माझे पाय जमिनीवर ठरेनात. घरी आरशासमोर बटाटे घेऊन बसले, आणि बघते तर सालीवरचा अंगठा तुझा, मान तुझी, नाकाने सोडलेला श्वाससुद्धा तुझा. आज त्यांना सांगितलं, "ही बाई मोरकॅमला राहते." ते म्हणाले, "गेल्या हिवाळ्यात भर प्रयोगात ती सगळं विसरली. पुन्हा विसरली तर?" तेव्हापासून तू 'डोक्याची चाळणी झाली' म्हणत घरी बसलीस, ते मलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, "शब्द द्यायला मी आहे ना." त्यांनी पाइपमधली राख ठोकून काढली. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबतो. नाही आली, तर टोप तुझ्या डोक्यावर."

सोमवारी सकाळी तालीम आहे. अडलीस की माझा आवाज येईल. शेवटचं वाक्य मात्र मी अजून ओठांवर आणलेलं नाही. ते तुझं आहे. आणि येताना सोलायची सुरी घेऊन ये. इथली बोथट आहे.

तुझीच, पडद्याआड बसलेली,
डोरीन