एकेचाळीस शॉट आणि झाकलेली गाडी

प्रिय आत्या,

तुला नमस्कार आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. (‘मी बरी आहे, गुडघ्यांचं मात्र विचारू नकोस’ असं तू म्हणतेस, म्हणून विचारत नाही, नुसता नमस्कार करते.) मी खुशाल आहे. फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. आतोबांना जाऊन दहा महिने झाले, आणि फोनवर त्यांचं नाव निघालं की तू ‘जेवलीस का?’ विचारतेस आणि मी ‘हो’ म्हणेपर्यंत फोन ठेवून देतेस. अशी मी आत्तापर्यंत चौदा वेळा जेवले. पत्राला ती सोय नाही. शेवटी एक मागणं आहे, पण ते मागायची वेळ माझ्यावर का आली ते आधी ऐकून घे.

घरातली पहिली पदवी भिंतीवर टांगून मी या चित्रपटाच्या शिक्षणाला आले, तेव्हा यात नक्की शिकवतात काय, असं बाबांनी विचारलं होतं. बाबांना सांग, सध्या दुःख. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने दुःखावर साडेतीन मिनिटांचं गाणं केलंय, त्याचा व्हिडिओ आम्ही करतोय आणि दिग्दर्शन माझ्याकडे आहे. कॅमेरा सांभाळतो तो ट्रायपॉड. (खरं नाव वेगळं आहे, पण तो उंच आहे, बारीक आहे आणि पाय फाकून उभा राहतो.) शुक्रवारपर्यंत जागा ठरली नाही तर कॅमेरा दुसऱ्या गटाला मिळणार. त्यांचं गाणं मैत्रीवर आहे आणि त्यांच्याकडे चार स्कूटर तयार आहेत.

मी तीन दिवस बसून एकेचाळीस शॉटची यादी केली. दुःख म्हणजे काय, यावर तिला दोन पानांची प्रस्तावनाही जोडली. सरांनी प्रस्तावना उलटली, यादी वाचली आणि चष्मा काढला. त्यात रिकाम्या खुर्चीचे अकरा शॉट होते, रिकाम्या पलंगाचे पाच, आणि एक उघडं कपाट. सर म्हणाले, “बाई, हे दुःख आहे की फर्निचरचं दुकान?” मला खूप वाईट वाटलं. ते चित्रित करावं असंही वाटलं, पण ट्रायपॉड जेवायला गेला होता.

मग आम्ही इस्पितळात गेलो. लांब बोळ, पांढरा उजेड, सगळं मनासारखं. ट्रायपॉड टेप लावून बोळाची रुंदी मोजत होता, तेवढ्यात एक सिस्टर धावत आल्या. “आलात एकदाचे! दोन वर्षं अर्ज करतेय मी!” असं म्हणत त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं आणि तीन गळके नळ दाखवले. आम्ही प्लंबर नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ट्रायपॉड गंभीरपणे म्हणाला, “वॉशर गेलाय.” मला रात्रभर अपराधी वाटलं. सकाळी मी व्यवस्थापकांना सगळा प्रकार लिहून कळवला, नळांसकट. नळ दुरुस्त झाले. आम्हाला परवानगी मिळाली नाही.

शेवटी बाग. मैत्रिणीला बाकावर बसवलं आणि आम्ही झुडपामागे. ती इतकं छान दुःखी दिसत होती की फिरायला आलेले एक आजोबा थांबले. “पोरी, कोण गेलं?” मैत्रीण खोटं बोलत नाही. ती म्हणाली, “अजून ठरलं नाही.” आजोबा जरा विचारात पडले, पण बसले. मग तेच बोलायला लागले. त्यांची बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. फिरताना ती सारखी ‘अहो, सावकाश’ म्हणायची, तेव्हा ते मुद्दाम भरभर चालायचे. आता कोणी म्हणत नाही, तर हे आपले सावकाश चालतात. हे सांगून ते स्वतःच हसले आणि उठून निघाले, खरंच सावकाश. हे दुःख आपलं नाही, ते चोरायचं नाही, असं ठरवून मी मधेच ट्रायपॉडला कॅमेरा बंद करायची खूण केली होती. तो त्याने चालूच केला नव्हता.

परत येताना मला आतोबांची ती शिकवणीची गाडी आठवत होती. अर्ध्या गावाला त्यांनी त्या गाडीत बसवून चालवायला शिकवलं. बाजूच्या सीटवर स्वतः, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, आणि दर दोन मिनिटांनी ‘सावकाश’. फक्त तुझीच शिकवणी तिसऱ्या दिवशी मोडली. भर रस्त्यात तू दार आपटून उतरलीस आणि पायी घराकडे निघालीस. आतोबा तुझ्या चालीने गाडी चालवत, काच खाली करून, ‘अगं, बस आता’ म्हणत घरापर्यंत आले. दाराशी पोहोचल्यावर तू म्हणालीस, “आता कशाला? पोहोचले की मी!” हे सांगताना तेच सगळ्यात जास्त हसायचे. माझ्या एकेचाळीस शॉटमध्ये असं एकही माणूस नव्हतं. यादी मी फाडली. (प्रस्तावना ठेवली आहे.)

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना तेल लाव. उत्तर लवकर पाठव, नाहीतर नको पाठवूस, मी समजेन.

तुझीच,
दिग्दर्शक भाची

ता. क. मागणं राहिलंच. अंगणात आच्छादनाखाली उभी आहे ती गाडी आम्हाला एक दिवस हवी.

ता. क. २. गाडी चालवणारं कोणीतरी लागेल. मैत्रीण म्हणाली ती बसते, पण मी नाही म्हटलं. तू चालवायचीस. घरामागच्या मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, सरळ रेषेत. शेजारची सीट रिकामी राहील, मी मागे आडवी पडलेली असेन आणि एक शब्द बोलणार नाही. रडायचं नाही, हसायचं नाही, फक्त समोर बघायचं. नको वाटलं तर दार आपटून उतर, ट्रायपॉडला सांगितलंय की तोही शॉट घ्यायचा.

ता. क. ३. जागेच्या फॉर्मवर ‘मालकाची परवानगी’ पुढे मी ‘मिळाली’ असं लिहून दिलंय. आयुष्यात पहिल्यांदाच. तेव्हा आम्ही रविवारी सकाळी येतोय. शूटिंगला खरं तर तिघं पुरतात, पण दहा महिन्यांत बॅटरी उतरली असणार, म्हणून ढकलायला आणखी चौघं आणतेय. तू आत बसून क्लच तेवढा दाबून धर. कधी सोडायचा ते आम्ही मागून ओरडून सांगू.