बाबाले ताप हाय

मोरबी

बाबा,

परवा दारू सोडवायच्या सेंटरच्या मॅडमनं घरच्या सगळ्यायले तुमच्यासमोर बसवलं, तवा मी इथून फोनवर ऐकत होतो. दारू एकजण पेते पण आजार घरभर असते, असं त्या म्हणाल्या. मंग हरेकानं तुमच्यासाठी बोललेलं एक खोटं सांगायचं होतं. आई म्हणाली, "पाव्हण्यायले मी पोटाचं दुखणं सांगितलं." धाकटी करिष्मा रडतच म्हणाली, "मी शाळेत सांगितलं, बाबा गावाले गेले."

माह्यं खोटं तुमाले ठाऊकच हाय. लहानपणी बजाराच्या दुसऱ्या दिवशी आई मले, तुमी कामाले जात त्या पाटलाच्या मळ्यात धाडे, अन मी सांगो, बाबाले ताप हाय. पाटील हसे, "काय बे गोकुळ, तुह्या बापाचा ताप बजार पाहूनच चढते काय?"

माही पाळी आली तवा तुमीच म्हणाले, "बोल बे, भेऊ नको. अठरा दिवस झाले, थेंब घेतला नाही." मी आवाज येत नाही म्हणून फोन कापला.

आवाज साफ येत होता, बाबा. पण त्याच सकाळी मी खोलीवर पेऊन पडलो होतो, अन माह्यासंगं राहणारा जोडीदार जीवन दारात उभा राहून कारखान्याच्या सुपरवायझरले सांगत होता, गोकुळले ताप हाय. सुपरवायझरही तसाच हसला.

मॅडमनं येत्या बुधवारी मले सेंटरवर बोलावलं. आलो तर तुमाले माह्या तोंडाचा वास येईन, अन तुमचे अठरा दिवस माह्यामुळं बुडतीन.

बुधवारी आईचा फोन येईन. जीवनले सांगून ठेवलं, उचल अन सुपरवायझरले सांगतो तेच सांग.

तुमच्यासारखाच निघालेला,
गोकुळ