बाकावरची तीन मिनिटं

सेंत-रोझ, ता. १० जानेवारी १९१०

चि. ओविद यास डेलिमाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, पेपरात तुझं नाव आलं. बर्फावरच्या हॉकीत गोल राखायचा पगार मिळतो, याचंच गावाला नवल. त्यात पेपरवाला लिहितो, हा गोली सामन्यात सारखा खाली बसतो! अरे, आपल्या तळ्यावर आम्ही सगळी भावंडं तुझ्यावर तुटून पडायचो, तरी तू कधी गुडघा टेकला नाहीस. पाय दुखतो का? जेवतोस ना नीट? घोड्याचे केस भरून नव्या पायपट्ट्या शिवल्यात, सोबत मेपलची साखर आहे. खरं काय ते कळव, आईच्या जिवाला घोर लागलाय.

तुझी, सध्या रागावलेली, ताई

कोबाल्ट, ता. ६ फेब्रुवारी १९१०

ती. डेलिमाताईस ओविदचा सा. न. वि. वि.

पाय ठणठणीत आहेत, पट्ट्या फक्कड बसल्या. इथला नियम असा, की गोली खाली बसला की पंच त्याला तीन मिनिटं बाकावर पाठवतात. तेवढा वेळ गोल उघडा! बाकाशेजारी मस्यू लाफ्लेश वेळ मोजतात. ते इथले घड्याळजी. त्यांचे पाय गारठू नयेत म्हणून त्यांची मुलगी रोझाल्बा चुलीत तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून आणते. बाकावर आलेल्यालाही एक देते. ताई, काय सांगू, वीट फार छान गरम असते.

मी मागणी घातली. मस्यू घड्याळावरून नजर न काढता म्हणाले, की जो मुलीपायी गोल उघडा टाकतो, तो उद्या पत्त्यांपायी घर उघडं टाकेल. शेवटचा सामना एकदाही न बसता काढलास, तरच पुढचं बोलू. मॅनेजरनेही बजावलंय, की आता बसलास तर गाशा गुंडाळायचा.

आईला अर्धंच वाचून दाखव.

तुझा ओविद

सेंत-रोझ, ता. १८ फेब्रुवारी १९१०

चि. ओविद यास आशीर्वाद.

वीट म्हणे! मेल्या, सगळंच वाचलं मी. हसता हसता आईच्या हातून जपमाळ पडली. बाबा म्हणतात, घरी परत आलास तर गाई आहेतच, पण सून घेऊन आलास तर जास्त बरं. खेळातली ती रबराची चकती नाकावर आदळली तरी बसू नकोस. बाकाकडे बघूच नकोस मुळी!

तुझ्यापेक्षा अधीर झालेली ताई

कोबाल्ट, ता. ६ मार्च १९१०

ती. ताईस सा. न. वि. वि.

नाही बसलो! चकतीनं एक दात नेला, तरी खांबासारखा उभा. रोझाल्बा मांडीवर वीट घेऊन माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, मी चुकूनही तिकडे पाहिलं नाही. शेवटची घंटा झाली, आम्ही जिंकलो, आणि माझे गुडघेच गेले. टेकलेच होते, म्हणून तसाच सरपटत बाकापाशी गेलो आणि सगळ्या गावादेखत पुन्हा मागणी घातली.

मस्यू लाफ्लेशनी परत घंटा वाजवली. ओरडून म्हणाले, की गोली खाली बसलाय, बाकावर घ्या त्याला. मी म्हटलं, खेळ संपला. ते म्हणाले, की घड्याळ माझ्या हातात आहे. मग रोझाल्बाचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाले, की या वेळी तीन मिनिटं नाहीत, आता जन्मभर बस.

ताई, मला रडू आवरेना. आईला सांग, दाताचं दुखत नाही. ईस्टरला दोघं येतो, तोवर साखर आणि माया धाडत राहा.

तुझा ओविद

ता. क. वन्सं, नमस्कार करते. आता एकच वीट आणते. दोघांना पुरते.
रोझाल्बा