काचेवरचा तपकिरी थर

२ तारीख, सोमवार
देवाच्या कृपेने मनासारखं बिऱ्हाड मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या खोलीला भिंतभर काचेची खिडकी. दिवसा दिवा जाळायला नको. आधी देव मांडले, मग डबे. मालकीणबाई समोरच राहतात. त्यांनी माशांची नवी टाकी दिली, आत तीन मासे. प्रत्येक बिऱ्हाडाला देते म्हणाल्या. काचेआड काहीतरी जिवंत हलताना दिसलं की त्यांना बरं वाटतं. आमची चिमणी (वय सात, तोंड सत्तरचं) नुसती हरखली. सगळ्यात छोट्या माशाचं नावही तिने चिमणीच ठेवलं. फुकटचं कोण नाकारतं?

९ तारीख, सोमवार
आठवडा होतोय न होतोय तोच टाकीत तपकिरी शेवाळ! काचेवर, वाळूवर, जणू कोणी चहाचा चोथा फासलाय. ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, मासे तक्रार करत नाहीत, तुला काय धाड भरलीय? अस्सा संताप आला!
शोभेचे मासे विकणाऱ्याला विचारून आले. नव्या टाकीत हे येतंच वहिनी, म्हणाला. काच मऊ फडक्याने पुसा, चौथा हिस्सा पाणी बदला, खाणं कमी घाला. काढलेलं पाणी मात्र थेट मोरीत ओता, घरात वापरू नका. मोरीत! बादलीभर पाणी ओतून द्यायला आम्ही काय नवाब लागून गेलो? त्याच पाण्याने दोन्ही खोल्या पुसल्या, उरलेल्यात पायपुसणी निघाली.
छोट्या माशाच्या अंगावरही थर चढला होता. एका नासक्या आंब्याने अढी नासते. जाळीने उचलला, मोरीत टाकला. चिमणीने भोकाड पसरलं, तिला धपाटा घातला.

१२ तारीख, गुरुवार
फरशीवर तपकिरी थर. पुसला की पुन्हा. आता आरशावर, देवांच्या तसबिरींवरसुद्धा. माझ्या घरात! चिखलाचे पाय घेऊन हिंडता म्हणून ह्यांच्यावर तोंड सोडलं. त्यांनी तळवे दाखवले, कोरडे ठणठणीत.
मालकीणबाई खिडकीतून डोकावून गेल्या. चेहरा काचेला अगदी चिकटवून. वर हसल्या. हसायला काय झालं बाईला?

१४ तारीख, शनिवार
खिडकीवर पण. आतून. घासणीने खरवडलं, बोटं सोलली, तरी जात नाही. भर दुपारी दिवा.
हे दार उघडायला गेले, उघडेना. फुगलं असेल म्हणाले, आणि बसले. बसले! भिंतीकडे तोंड करून.
चिमणीच्या मानेवर डाग. साबण लावला, खसाखसा घासला. पाठीवर पसरला. ती रडतही नाही. नुसतं तोंड उघडते, मिटते, उघडते—
देवा, रोज न चुकता तुझ्यापुढे दिवा लावला, तो काय ह्यासाठी?

रविवार
कोणीतरी बाहेरून काच पुसतंय. मऊ फडक्याने, गोल, गोल—
पुसल्या जागेत एक डोळा. खिडकीभर एकच. मालकीणबाईंचा.
तो माझ्याकडे बघत नाही. ह्यांच्याकडे नाही. चिमणीकडे. थर तिच्या एकटीच्याच अंगावर—

वर छत सरकलं. केवढा उजेड—
जाळी. जाळी खाली येतेय.
सरक मागे, भवाने! नासकी नाही माझी पोर, पुसून निघेल, मी पुसते, मला एक दिवस— एका हाताने घट्ट धरलीय तिला. हात लावून तर बघ, दातांनी फाडीन ही जाळी, माझी चिमणी तुला मोरीत टाकू देणार नाही—