हौदावरची शीळ

आप्पा, काल मी पुन्हा त्या हौदापाशी जाऊन उभी राहिले. सोलापुरात सात रस्त्याकडं जाताना लागायचा तोच, कुणा व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या आठवणीसाठी बांधलेला काळ्या दगडाचा लांब हौद, एका अंगाला बैल-घोड्यांसाठी उंच आणि दुसऱ्या अंगाला शेळ्यामेंढ्यांची मान पोचेल इतका बुटका. आता त्यात माती भरून शोभेची झाडं लावली आहेत. गेल्या आठवड्यात कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन घरी आली होती, शहरातल्या जुन्या हौदांची माहिती गोळा करते म्हणाली. हौद आणि मी आता एकाच यादीत. पाणी कुठून यायचं, कोणत्या गाड्या थांबायच्या, हौद कोण घासायचं, सगळं विचारलं तिनं आणि मी मास्तरणीच्या सवयीनं सगळं नीट सांगितलं. शीळ तेवढी सांगितली नाही. ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती आणि तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

बैल पाण्याला लावला की गाडीवानानं शीळ घालायची, हे त्या मुलीला कुठून माहीत असणार? शीळ चालू आहे तोवर बैल निवांत पितो, थांबली की मान वर काढतो. हौदावर चार-सहा गाड्या असल्या तरी प्रत्येक बैलाला आपल्या धन्याची शीळ बरोबर कळायची. तुमची शीळ संथ, लांब, मध्येच एक हेलकावा घेणारी. आपल्या जोडीतला मोऱ्या गरीब होता, कशावरही प्यायचा. बांड्या मात्र तुमच्या शिळेशिवाय नुसतं तोंड ओलं करायचा आणि इकडंतिकडं बघत बसायचा. "लई लाडावलाय," तुम्ही म्हणायचा, आणि लाडावलं कुणी ते विचारायची सोय नव्हती. आपलं गाव सोलापूरपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पहाटे कडबा भरून निघायचं, शहरात टांगेवाल्यांना घालायचा, हौदावर बैल पाजायचे आणि परत फिरायचं.

मग त्या थंडीत तुमच्या तोंडावरून वारं गेलं. हातपाय शाबूत राहिले, पण ओठ एका बाजूला ओढला गेला आणि पाणी पिताना गालातून ओघळायला लागलं. गाडीवर सोबत पाहिजे म्हणून मला घेतलंत. मी अठरा वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, वर्षभर तुमच्या दारात परत येऊन पडलेली. पहिल्याच खेपेला हौदावर तुम्ही शीळ घालायला गेलात आणि नुसती फुंकर बाहेर पडली. बांड्यानं मान वर केली. तुम्ही पुन्हा ओठ जुळवलेत, पुन्हा तेच. शेजारचा एक गाडीवान हसला. मला राहवलं नाही. लहानपणी रानात तुमची ऐकून ऐकून मी ती शीळ शिकले होते, हेलकाव्यासकट. मी घातली. बांड्यानं मान खाली घातली आणि पोटभर प्याला. मला वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही चार माणसांत वळून म्हणालात, "तोंड मीट. बाईमाणूस हायस की न्हाय? नवऱ्यानं उगंच न्हाय टाकलं तुला." सगळ्यांनी ऐकलं. पाणी भरायला आलेल्या बायकांनीही ऐकलं. मी गाडीत जाऊन तुमच्याकडं पाठ करून बसले.

त्यानंतर उन्हाळा तापेपर्यंत आपण कसंबसं निभावलं. वाटेत ओढ्याला पाणी होतं आणि तिथं शांतता असायची, बांड्या रमतगमत का होईना पण प्यायचा. वैशाखात ओढा आटला. आता सोलापूरचा हौद सोडला तर गावापर्यंत पाण्याचा थेंब नाही. तो दिवस मला आजही समोर दिसतो. ऊन इतकं की हौदाच्या दगडाला हात लावता येत नाही. मोऱ्या पितो आहे. बांड्या दोन घोट घेतो, तेवढ्यात मागून मोटार भोंगा वाजवत जाते आणि तो दचकून मागं सरतो. तुम्ही शीळ घालायला बघता, फुंकर निघते, थुंकी निघते. तुम्ही पाठ फिरवून धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत उभे राहता. बांड्या माझ्याकडं बघतो. मी गाडीच्या चाकापाशी उभी आहे, तोंड मिटून. थोड्या वेळानं तुम्ही म्हणता, "प्याला तेवढं बास. चल." तिसऱ्या प्रहरी, ना गाव जवळ ना शहर, बांड्या जुवासकट खाली बसला तो उठलाच नाही. तांब्यात होतं तेवढं पाणी तुम्ही त्याच्या जिभेवर ओतलंत. दिवस मावळायच्या आत तो गेला.

घरी आईला तुम्ही सांगितलंत ते मी चुलीपाशी बसून ऐकत होते. "माझ्या तोंडानं बैल मारला. पोरीला शीळ येती, पर म्या तोंड मीट म्हणलो आन् तिनं मिटलं. तिचा काय दोस?" पुढच्या बाजारी मोऱ्या विकला, गाडी विकली. एक दिवस माझ्यासमोर येऊन बसलात आणि जमिनीकडं बघत म्हणालात, "तू माझं ऐकलंस. आता म्या तुझं ऐकतो. काय पायजे तुला?" मी म्हणाले, शाळा. भावकीनं तोंडसुख घेतलं, टाकलेल्या पोरीला शिकवून काय कलेक्टर करतोस म्हणाले. सोलापूरला बायकांच्या शाळेत मला ठेवलंत आणि स्वतः दुसऱ्याच्या रानात राबायला लागलात. पुढं मी जे काही झाले, माझी नोकरी, माझं घर, माझा मान, ते सगळं तुमच्या 'तू माझं ऐकलंस' या एका वाक्यावर उभं आहे.

पुढच्या वर्षी तुम्ही भेटायला आलात तेव्हा आपण चालत हौदापर्यंत गेलो. दगडावर कोरलेली अक्षरं तुम्ही जन्मभर पाहिली होती, वाचली कधीच नव्हती. "वाच की," तुम्ही म्हणालात. मी वाचलं, "मुक्या जिवांसाठी पाणी. कोणी अडवू नये." तुम्ही त्या अक्षरांवरून हात फिरवलात. मग हळूच म्हणालात, "म्या अडवलं." तेव्हा बोलायला हवं होतं. नाही आप्पा, तुम्ही नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण शाळेचं दुसरं वर्ष नुकतं सुरू झालं होतं आणि खरं कळल्यावर तुम्ही मला परत न्याल अशी भीती वाटली. मी म्हणाले, "चला आप्पा, ऊन झालं." नंतर भीती उरली नाही, तरी सांगितलं नाही. शेवटच्या आजारातही तुम्ही बांड्याचं नाव घेत होता, आणि मी तुमचे पाय चेपत बसले होते.

काल आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी शीळ घालून पाहिली. पुढचे दात गेले आहेत, नुसती फुंकर निघाली. झाडाला पाणी घालणारा माळी म्हणाला, "आज्जी, काय पायजे?" काही नको म्हणाले आणि घरी आले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? ट्रंकेत जपलेल्या तुमच्या धोतराखाली ठेवीन. पण लिहिल्यावाचून आता मरवत नाही. आप्पा, त्या दिवशी मी तुमचं ऐकलं म्हणून गप्प नव्हते. बांड्याला तहान लागली आहे हे मला दिसत होतं, पुढं पाणी नाही हेही माहीत होतं. माझे ओठ जुळलेसुद्धा होते. मग मला तुमचं ते बोलणं आठवलं, आणि म्हटलं, घाला आता तुम्हीच शीळ. तुम्ही पाठ फिरवून तोंड पुसत होता तेव्हा मला बरं वाटलं होतं.