तापत्या पोलादाच्या आत बघणारी

प्रिय वंदना,

तू गेल्यावर रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यात माइक माझ्या हातात आला आणि मला एक शब्दही बोलता आला नाही. आयुष्यभर वर्गात बडबड करणारा मास्तर हात जोडून खाली बसला. तुझे सहकारी हैदराबादहून आले होते, ते तुझ्या यंत्राबद्दल भरभरून बोलले. माझंच राहून गेलं. म्हणून आज लिहायला बसलोय.

लग्न झालं आणि तुला हैदराबादच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. माझी शाळा इथे तिरोड्यात. "दोघांपैकी नोकरी कुणी सोडायची?" तू विचारलंस. मी म्हटलं, कुणीच नाही. बोलायला सोपं होतं ते. पुढे आपली लेक प्रज्ञा बालवाडीच्या वयाची झाली तशी ती माझ्याकडे आणि माझ्या आईकडे राहू लागली. चौकात लोक विचारायचे, "मास्तर, बायको तिकडं मशीन बनवून राहिली अन् तुमी इकडं भात रांधून राहिले?" मी हो म्हणायचो. काय खोटं होतं त्यात?

तुझं काम नेमकं काय, ते तू मला एका सुट्टीत भांडी घासता घासता सांगितलंस. धातूवर क्ष-किरण टाकले की ते ठरावीक कोनांतच बाहेर पडतात. ते कोन मोजले की आतले अणू कसे रचलेत ते कळतं.

"मग अडतं कुठे?" मी विचारलं.

"धातू थंड असताना बघता येतो हो. मला तो तापत असताना बघायचाय. पण तापला की फुगतो, जागेवरून हलतो आणि सगळे कोन चुकतात. त्यासाठीच यंत्र बनवतेय."

मग खिडकीतून दिसणाऱ्या भातगिरणीच्या धुराड्याकडे तू साबणाचं बोट दाखवलंस. तिथल्या बॉयलरच्या नळ्या वर्षानुवर्षं आगीत राहून आतून कशा बदलतात, हे बाहेरून कुणाला कळतं? त्या दिवशी तू कशापायी जागतेस ते मला समजलं.

आणि ते वाईट वर्ष आठवतं? प्रयोगशाळेची समिती तुझ्या यंत्राच्या पाहणीला आली आणि धातू तापवायच्या छोट्या भट्टीची खिडकी, ज्यातून किरण आतबाहेर जायचे तो पातळ पडदा, त्यांच्यासमोरच फाटला. यंत्र परदेशातून विकत घेऊ, असं ते म्हणाले. त्याच आठवड्यात प्रज्ञाला टायफॉइड. तू सगळं सामान घेऊनच घरी आलीस. राजीनामा देते, म्हणालीस. तू इथेच घरी राहावीस असं मलाही वाटत होतं. मी काही बोलायच्या आत आईनेच विचारलं, "काऊन वापस आली?"

"पोरगी आजारी आहे, आई. यंत्रही नाही झालं."

आई दुसऱ्यांच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणी करून म्हातारी झालेली. तिला लागट बोलायची सवय, गोड बोलायची नाही. म्हणाली, "पोरीले औषध आमी देऊन राहिलो. तुह्या मशीनले कोन देते?"

तू रडलीस. प्रज्ञाचा ताप उतरेपर्यंत तिच्या उशाशी बसलीस आणि मग परत गेलीस.

पुढची काही वर्षं तू भट्टीत धातूचा नमुना धरायची पद्धतच बदलत बसलीस. तो खालून टेकवण्याऐवजी वरच्या बाजूने अडवायचा, म्हणजे फुगला तरी खालच्या अंगाला फुगेल आणि किरण पडतात ती बाजू हलणार नाही. ऐकायला किती सोपं वाटतं! मग एका दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत माझ्यासाठी फोन आला.

"अहो, दिसलं."

"काय दिसलं?"

"पोलाद. तापता तापता आतली रचना बदलली. माझ्या डोळ्यांसमोर."

फोन ठेवून मी डोळे पुसले. मुख्याध्यापकांनी घाबरून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "सर, पोलाद बदललं."

रविवारी तुझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी सांगत होती, "मॅडम यंत्र सुरू करण्याआधी संरक्षक दार नीट लागलंय का ते स्वतः बघायच्या. आमच्यापैकी कुणाच्या अंगावर त्यांनी कधी किरण पडू दिले नाहीत." हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस गं.

एक तक्रार मात्र आहे. दुखणं इतके दिवस का लपवलंस? आता रागवायचं तर समोर तू नाहीस. पण निवृत्त होऊन तू घरी आलीस आणि रोज संध्याकाळी आपण ओट्यावर बसून चहा प्यायलो. सुट्ट्यांपुरता संसार केलेल्या माणसाला ती चैनच होती. त्या चहासाठी, प्रज्ञासाठी, आणि तुझ्यासारख्या बाईचा नवरा म्हणून जगू दिल्याबद्दल मी तुझा फार आभारी आहे.

प्रज्ञाची समुद्र संशोधनाच्या जहाजावर निवड झाली आहे. बाबा एकटे पडतील म्हणून ती नकार कळवायला निघाली आहे. उद्या तिला समोर बसवून बोलणार आहे. माझा आवाज कापेल, ते चालेल. पण ती जाईल, वंदना. तिला मी थांबू देणार नाही.

जय भीम.

तुझा,
सिद्धार्थ